गोंद लावलेला पक्षी

३ मार्च
सरकारी नियम आला. आपण केलेली वस्तू लोकांना नकोशी झाली की आपणच परत घ्यायची, उघडायची, प्लास्टिक-तांबं-बॅटरी वेगळं करायचं आणि पुन्हा वापरात आणायचं. बाकीचे कारखानदार डोक्याला हात लावून बसलेत. मी निर्धास्त. आपलं गाणाऱ्या पक्ष्याचं घड्याळ परत देणार कोण? दर तासाला गातं, दहा वर्षं गातं. बॅटरी आत, वरून गोंदाने सीलबंद. बंद करायचं बटन नाही. गोंदाची कल्पना माझी. मेहुणा भागीदार आहे, पण स्वभाव रडका. तेव्हा नुसतं स्क्रू-स्क्रू करत होता.
त्याने केलेला पहिला नमुना आमच्या हॉलमध्ये आहे. पक्षी इतका मंजूळ, की गायलेलं कळतही नाही.

५ मार्च
गेटवर पेटी ठेवली. मुद्दाम लहान. सारखा जाऊन डोकावत होतो. रिकामी. मेहुण्याला म्हटलं, बघ. तो म्हणाला, भावोजी, पेटी दुपारी लावलीय, लोकांना कळू तर द्या.

९ मार्च
पेटी भरली. नवीन मॉडेल हवं असणार लोकांना. वॉचमन म्हणतो, साहेब, घड्याळ टाकतात आणि पळत सुटतात, पावतीसुद्धा घेत नाहीत. ब्रँडवर विश्वास, दुसरं काय.

१२ मार्च
गोदाम भरलं. उरलेला माल माझ्या केबिनमध्ये. अडचण एवढीच, की प्रत्येक घड्याळ थोडं मागे-पुढे आहे. त्यामुळे दहा वाजायला लागतात ते अकरापर्यंत वाजतच राहतात.
संकल्प : फोन बाहेर उभं राहून घ्यायचे. उद्या सगळी घड्याळं उघडायची.

१३ मार्च
एकही उघडलं नाही. सुरी, गरम पाणी, शिव्या. फोरमन म्हणाला, साहेब, गोंद मात्र एक नंबर. मी थँक यू म्हणालो. मग हातोडी. प्लास्टिकचा चुरा, बॅटरी चेपलेली, धूर. यातलं पुन्हा वापरता येण्यासारखं काहीच उरलं नाही. पक्षी चुऱ्यातून गात होता.

१६ मार्च
ताई आली. तिने घर घेतलं तेव्हा मी स्वतः दिलेलं घड्याळ, चादरींत गुंडाळलेलं. म्हणाली, कपाटात कोंबलं, माळ्यावर टाकलं, तरी ऐकू येतं. फेकायला निघाले की तुझं तोंड आठवायचं. आता सरकारनेच सांगितलंय तर घे बाबा.
चहासुद्धा न घेता गेली. जाताना हलकी-हलकी दिसत होती. वजन कमी केलंय वाटतं.

१९ मार्च
तपासणीला बाई आल्या. म्हणाल्या, म्हणजे ओरडल्याच, कारण अकरा वाजत होते : शुक्रवारपर्यंत न फोडता उघडणारं एक तरी घड्याळ दाखवा, नाहीतर उत्पादन बंद. म्हणजे कारखानाच बंद. आपण एकच वस्तू बनवतो.
घरभर येरझारा. जेवलो ते उभ्यानेच. मेहुणा म्हणाला, भावोजी, एक आहे. तुमच्याच भिंतीवर. मी म्हटलं, घरच्या घड्याळाला हात लावायचा नाही. तो त्याच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, बघायला लागला. ती भाजी चिरायला लागली. भाजी आधीच चिरलेली होती.

२१ मार्च
घरचं घड्याळ नेलं. मागे चार स्क्रू. बाईंनी स्क्रूड्रायव्हर फिरवला, झाकण हातात. बॅटरी वेगळी, प्लास्टिक वेगळं, तांबं वेगळं. पास. कारखाना वाचला.
मग म्हणाल्या, पक्षी कुठाय?
मेहुणा खिडकीबाहेर बघत होता.
घरी बायको म्हणाली, पक्षी मी पहिल्याच आठवड्यात भावाकडून काढवून घेतला. लोकांनाही तशी सोय ठेवू या, असं सांगायला तो आला होता. तुम्ही गोंद आणायला गेला होतात.
सोमवारपासून सगळ्यांना चार स्क्रू. कल्पना तशी माझ्याच घरातली.
घड्याळ परत भिंतीवर लावलं. आठ वाजायला आले होते. खुर्ची ओढून समोर बसलो, कान देऊन.
साडेआठला बायकोने जेवायला हाक मारली.