मैना म्हटलं की…

प्रिय चैताली,

कागदावर पत्र लिहितेय म्हणून हसशील. हस. पण शेवटपर्यंत वाच आणि मग मावशींनाही वाचून दाखव. त्यांच्यासमोर यायला मला तोंड नाही.

दहावीच्या निरोप समारंभाला साडी नेसले, तेव्हा माझा पहिला ब्लाउज मावशींनीच, तुझ्या आईनेच, शिवला होता. तुमच्या येरवड्याच्या दुकानावर तेव्हाही तीच पाटी होती, 'मैना लेडीज टेलर्स'. मैना म्हणजे तुझी आजी, जिने मावशींना पहिलं मशीन घेऊन दिलं. मी नोकरी करते त्या कंपनीचं 'मैना' लोणचं त्यानंतर कितीतरी वर्षांनी बाजारात आलं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

गेल्या वर्षी कंपनीला आपलं नाव 'सुप्रसिद्ध ट्रेडमार्क' म्हणून सरकारी यादीत घालायचं होतं. साध्या नोंदणीने नाव मुख्यतः आपल्या मालापुरतं राखता येतं. सुप्रसिद्ध ठरलं की लोणच्याशी संबंध नसलेल्या धंद्यांनाही अडवता येतं. त्यासाठी लोक नाव ओळखतात हे दाखवावं लागतं. जाहिराती, विक्री, कोर्टाचे निकाल सगळं जोडलं. शिवाय आमचे साहेब म्हणाले, काही सामान्य बायकांची प्रतिज्ञापत्रंही आणा. हिंजवडीच्या एसी ऑफिसात सामान्य बाई कुठून मिळणार? पेढे घेऊन मी आले तुमच्याकडे, निर्लज्जासारखी.

मजकूर छापलेलाच होता: 'मैना हे नाव ऐकताच मला केवळ याच कंपनीचं लोणचं आठवतं.' मावशी हसून म्हणाल्या, "मला तर माझी आई आठवते गं. पण तुझं काम होतंय ना?" मी म्हटलं, नुसती फॉर्मॅलिटी आहे. त्यांनी सही केली, आणि वर माझ्या कुर्त्याची उसवलेली बाही टाचून दिली. तेव्हाच थांबता आलं असतं. पण मला बढती दिसत होती.

यादीत नाव आलं. त्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलात हरकती मागवल्या होत्या म्हणे. पण काज-बटणं करता करता ते जर्नल कोण वाचतं? ऑफिसात केक कापला. आता शहरातल्या प्रत्येक 'मैना'ला पाटी उतरवण्याच्या नोटिसा निघताहेत. स्वारगेटजवळची एक खाणावळ, एक पार्लर, आणि तुमचं दुकान. तुमच्या नोटिशीला मावशींचं प्रतिज्ञापत्रच जोडलंय. बाईंनी स्वतः कबूल केलंय, असं साहेब खुशीत सांगत होते आणि मी मान डोलावली. चैताली, मी मान डोलावली गं. तेव्हापासून माझीच मला किळस येतेय.

फोन केला असता तर मी रडले असते आणि तूच माझी समजूत काढत बसली असतीस. म्हणून हे लिहिलं. पाटी उतरवू नका. दुकान लोणच्याच्या आधीचं आहे हे दाखवणारे जुने कागद, फोटो शोध, आणि वकिलाकडे जाताना हे पत्र सोबत ने. ते वाक्य खोटं आहे हे मावशींनी मला तोंडावर सांगितलं होतं, तरी मी सही घेतली, हे मी स्वखुशीने लिहून देते. नोकरी जाईल, जाऊ दे. मैना म्हटलं की मावशींना त्यांची आई आठवते, हे मी कोर्टात उभी राहून सांगेन. पुरावा म्हणून चालावं, म्हणून खाली पूर्ण नाव लिहितेय.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
उत्कर्षा आप्पासाहेब काळभोर