अनशुअर म्हणजे नक्की काय?

४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस. हात शेजारच्या शिंपीणबाईंचा, तोंड माझं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याची मी बायको, पण मला एक अक्षर येत नाही. आजवर माझी पत्रं तुझे आजोबाच लिहीत. आता त्यांना ओळ दिसत नाही. परवा औषधाच्या दुकानाची पाटी रंगवली, तर शेवटचं अक्षर पाटी सोडून भिंतीवर गेलं. दुकानदार भला, नुसता हसला. हे मात्र दोन दिवस जेवले नाहीत.

ऑपरेशन केलं तर नजर येईल का, असं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते अनशुअर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. शिंपीणबाई म्हणतात, मोठी माणसं नकार असाच साखरेत घोळून देतात. हे म्हणतात, होकारच आहे, फक्त हळू आवाजातला. तू लॅबमध्ये दिवसभर इंग्रजी कागद चाळतेस, तर सरळ सांग, हो की नाही? त्यावर ठरायचं आहे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

११ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, अनशुअर म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. खात्री नसणं. हा शब्द माणूस स्वतःबद्दल वापरतो. जावं की नको हे ठरत नसेल तेव्हा, किंवा विचारलेलं ठाऊक नसेल तेव्हा. नकार गोड करायलाही लोक वापरतात, म्हणून मी डॉक्टरांना फोन केला. त्यांना खरंच माहीत नाही. नजर सुधारेल, नाहीतर आहे तीही जाईल. आजोबांचा उजवा डोळा तर आधीच गेलेला. आमच्याकडे खात्री नसली की नमुना पुन्हा मागवतो. डोळा कुठून मागवायचा?

करू का, असं तू मला विचारशील, तर मीही अनशुअर आहे. एवढं शिकून तुला हेच लिहावं लागतंय.

शिंपीणकाकूंना नमस्कार. तुझा लोभ आणि तुझी बोलणी, दोन्ही चालू राहोत.

तुझी भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ऐकून हे म्हणाले, हिला बघायला गेलो तेव्हा तरी कुठे खात्री होती, निभावलंच ना. आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करून मोकळे झाले.

सोमवारी पट्टी काढली. दिसतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर हे म्हणाले, झकास. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. घरी येताना यांनी गाडीतून एकेक पाटी मोठ्यांदा वाचली. सगळ्या यांच्याच हातच्या. बरोबर वाचतात की नाही ते मला अडाणीला काय कळणार? पण यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीची पाटीही वाचली. बेकरी मागच्याच आठवड्यात पाडली गं. तिथे नुसता विटांचा ढीग आहे. बरोबर आलेल्या शिंपीणबाई बाहेर बघत बसल्या. मी म्हटलं, वा, नजर अगदी पोरासारखी झाली.

मी गप्प बसले की हे रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलतात. म्हणून मी दिवसभर बडबडते. म्हातारी चळली, असं लोक म्हणतात. म्हणोत.

तू ये. दारातूनच बोलत बोलत ये. आणि तुला बघून हे म्हणाले की किती वाळलीस, तर हो म्हण.

तुझी आजी