कोरड्या विहिरीचा परिच्छेद

अण्णा, आता मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी झाले. तुम्ही हायस्कुलात शिकवायचात आणि रविवारी दोघा सहकाऱ्यांना घेऊन अक्कलकोटच्या वाटेवरच्या माळावर जायचात. जमिनीत लोखंडी कांबी ठोकून त्यांतून वीज सोडायची आणि पाषाणाखाली पाणी कुठे असेल ते ताडायचं. एकदा मीही बरोबर होते. मेंढरं राखणाऱ्या एका बाईनं विचारलं, "मास्तर, हितं पानी लागंल न्हवं?" तुम्ही म्हणालात, "लागेल." त्या घरानं उन्हाळाभर खणलं. नुसता दगड लागला. तुम्ही भेटायला गेलात, तर तिनं तुम्हाला ताक दिलं. "दगडाच्या पोटातलं कुनाला दिसतंय, मास्तर?" त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

अजून डोळ्यांपुढे आहे: आई भाकरी थापते आहे आणि तुम्ही चुलीजवळ बसून विज्ञान परिषदेत वाचायचा, या पाणीशोधावरचा निबंध लिहिताय. तुम्ही संपादन करत होतात त्या त्रैमासिकातही तो छापायचा होता. माळावर बरोबर येणाऱ्या दोघांतले धाकटे, म्हणजे माझे काका, म्हणाले, "बाकीच्या विहिरींना पाणी लागलं की. ही एक कशाला सांगायची?"

"ज्यांनी ती खणली त्यांना काय सांगू?" तुम्ही मान वर न करता म्हणालात.

परिषदेआधीच तापानं तुम्हाला नेलं. निबंध काकांनी छापखान्यात दिला आणि त्रैमासिकाची प्रुफं नेहमीसारखी माझ्याकडे तपासायला आली. त्यांत त्या विहिरीचा परिच्छेद नव्हता. मी काकांकडे गेले. त्यांचे डोळे भरून आले. "पोरी, तिथं त्यांना कुणी हसू नये, एवढंच गं. उत्तर द्यायला ते आता नाहीत." मी छापखान्यात जाऊन तुमच्या हस्तलिखितावरून परिच्छेद पुन्हा जुळवून घेतला.

छापील अंक परिषदेत सगळ्यांच्या हातात होता, म्हणून तुमच्या जागी निबंध वाचणाऱ्या काकांना तो परिच्छेदही वाचावाच लागला. कुणी हसलं नाही. एका वृद्ध विद्वानांनी त्या विहिरीबद्दलच खोदून विचारलं आणि काकांना उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर त्यांनी हे दारात उभ्यानंच सांगितलं. आईनं चहा टाकला होता, तो घेतला नाही. पुन्हा आले नाहीत. तुमच्याबद्दल बोलायला आईला दुसरं कुणी नव्हतं, अण्णा. संध्याकाळी ती दाराकडे बघत बसायची. मला तिनं कधी बोल लावला नाही.

बापाचा खरेपणा मुलीनं राखला, असं लोक म्हणाले. मी ऐकून घेतलं. आईला सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगते. खरंखोटं तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं. तुम्ही गेलात, त्यात तुमच्या हातचं आणखी काही कमी झालेलं मला सोसवत नव्हतं.