नावेत बसण्याआधी

मिस्त्री, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुम्हाला काही विचारायला बसलो आहे. बेटावर राहायला जाऊ की नको, एवढंच विचारायचं आहे. हो, तेच बेट. पुलगावाहून गाडीनं पाऊण तास, मग नदी दोन धारांनी फुटते तिथून नावेनं पाच मिनिटं. सत्तर-ऐंशी घरं, मासे धरणारी आणि वाळूत टरबूज-काकड्या लावणारी. आपल्या जिल्ह्यात दारू बंद, पलीकडच्या जिल्ह्यात चालू, आणि बेट बरोबर मधोमध. त्यामुळे तिथल्या नावांतून मासळीखाली काय काय जातं ते साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. तुमच्या मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात कुणी त्या बेटाचा विषय काढला की तुम्ही हातातला पेचकस खाली ठेवून दुसरा पेचकस शोधायला लागायचात. ते माझ्या लक्षात आलेलं होतं. माझ्या लक्षात बरंच यायचं, हे तुमच्या लक्षात आलं होतं की नाही, ते मात्र मला कधी कळलं नाही.

आधी इकडचं सांगतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी पुण्याला, चांगली आहे, रविवारी फोन करते. माझं दुकान आता भाचा चालवतो. मोटारी सगळ्या पाणबुडी झाल्या. बोअरमधून काढायच्या, गाडीत टाकायच्या, नवी बसवायची. कुणी मोटार उघडून तिचं म्हणणं ऐकत नाही. मी सकाळी जाऊन गल्ल्याजवळ बसतो, भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही आराम करा ना," आणि ते तो मायेनं म्हणतो, म्हणूनच मला तिथं बसवत नाही. घरी येतो. घरात फ्रिज सुरू होतो, आणि त्याच्या आवाजावरून मला कळतं की हा पुढचा उन्हाळा काढणार नाही. पंख्याचं वरचं बुश गेलं आहे. शेजारच्या टाकीचा पंप हवा ओढतो. मिस्त्री, माझे कान अजून तस्से आहेत हो. ऐकायलाच काही उरलं नाही. काल दिवसभरात माझ्याशी कोण काय बोललं ते आठवून बघितलं: दूधवाला, "अर्धा?" मेडिकलवाला, "चिल्लर द्या." आणि बँकेतून फोनवर बोलणारी बाई, तीही यंत्रच निघाली. तिचं मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तुमच्याकडे आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मिलच्या भोंग्यावर गाव चालायचं ते दिवस. पहिल्या आठवड्यात तुम्ही माझ्या हातात लांब पेचकस दिला, चालू मोटारीच्या बेअरिंगवर त्याचं टोक टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली. "गिऱ्हाईक काय म्हन्ते ते मंग. आधी हे काय म्हन्ते ते आयक." मी डोळे मिटले आणि मला आत वाळू दळल्यासारखं ऐकू आलं. तसं सांगितलं. तुम्ही बेअरिंग काढलं तर खरंच कोरडं ठाक. त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा "बावा" म्हणालात. मग मी मोटारीच नाही, माणसंही ऐकायला लागलो. रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा सांगताना तुम्ही हात तोंडाशी आडवा धरून लांब हाक मारायचात, "हो-ओ-ओ," मग गप्प उभे राहायचात, तीन-चार श्वास, आणि मग म्हणायचात, "दोन." गाव हसायचं. मिस्त्री चहा सांगता सांगता विसरते म्हणायचे. कुणी विचारलं कुठले, तर तुम्ही म्हणायचात आंजीचा. आंजीचे लोक असे हाक मारत नाहीत.

वर्षभरानं बेटावरचा एक माणूस डिझेल इंजिनाचा पंप घेऊन आला. उतरल्या उतरल्या त्यानं रस्त्यापलीकडच्या आपल्या सोबत्याला हाक मारली. लांब. मग थांबला. मग म्हणाला, "दोर घेऊन ये." पाण्यावर राहणाऱ्यांची ती सवय आहे; हाक पलीकडच्या काठाला लागून परत येईपर्यंत थांबायचं, नाहीतर दोन्ही बोलणी एकमेकांत मिसळतात. मला त्याच क्षणी कळलं, मिस्त्री. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही दुसरा पेचकस शोधत होतात. आणि तो माणूस गेल्यावर, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना, मी पान्ह्यांची पेटी उघडली आणि मोठ्यानं मोजायला लागलो. "एक, दोन, तीन... बेटवाले येऊन गेले, मोजून घेतलेले बरे." सगळे हसले. मला सगळ्यांचं हसणं हवं होतं, आणि तुम्ही मला अजून वाइंडिंगला, मोटारीत तार भरायच्या कामाला, हात लावू देत नव्हतात त्याचा राग होता. माहीत नसताना केलं असं तुम्हाला वाटलं असेल. माहीत असताना केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ती पेटी उचलून माझ्या पुढ्यात ठेवलीत. "घे. आता हे तुहेच. आता कितीक मोजाचे तितके मोज." आणि त्याच दिवशी तारेचं रीळही दिलंत. शिक्षा कुठं संपली आणि बक्षीस कुठं सुरू झालं ते मला आजतागायत उलगडलेलं नाही. पुढं मी दुकान टाकलं, घर बांधलं, लोक म्हणतात स्वतःच्या हिमतीवर वर आला. मीही मान हलवतो.

तुम्ही गेलात तेव्हा मागं कुणी नव्हतं. लोकांनी मला विचारलं, निरोप कुठं द्यायचा? मी माणूस आंजीला पाठवला. तो संध्याकाळी परत आला, म्हणाला, तिथं ह्यांना कुणीच ओळखत नाही. मी तोंडावर आश्चर्य आणलं. आग मीच दिली. बेट पाऊण तासावर होतं. तुम्ही आयुष्यभर जे झाकलं ते मी कसं उघडं करू, असं तेव्हा मनाला सांगितलं. आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. पण मिलच्या गावात मिस्त्रीचा चेला म्हणून माझं नाव नुकतंच होऊ लागलं होतं, तेही होतं.

यंदा थंडीत बेटावरून दुकानात फोन आला. टरबुजांच्या वाड्यांना पाणी देणारा पंप बंद आहे, कुणी येत नाही. भाचा म्हणाला, "मामा, तिथं पोलीस बी एकटा जात नाई." मी म्हटलं, "म्हणूनच जातो, पोलिसाले पंप थोडाच दुरुस्त करता येते." गंमत म्हणून म्हणालो, पण खरं असं की कुणीतरी बोलावलं होतं. गेलो. आता उगाच गोडगोड सांगत नाही. बदनामी काही हवेतून आलेली नाही. नावेत गवताच्या पेंढ्यांखाली दारूनं भरलेल्या रबरी ट्यूब होत्या, आणि नावाडी म्हणाला, "काका, तिकडं नोका पाहू, इकडं बगळे पाहा." मी काठ लागेपर्यंत बगळे पाहिले. पंप खोलला तर दोघं जण माझ्या डोक्यावर भांडायला लागले, पहिलं पाणी कुणाच्या वाडीला. एकानं माझा मोठा पान्हा उचलला. तेवढ्यात एक म्हातारी घागर घेऊन चालली होती, ती थांबलीसुद्धा नाही. "ठेव ते. मिस्त्र्याचं हत्यार हाय. डोकं फोडाचं असन त घरून आन." त्यानं पान्हा ठेवला. आपल्या धोतराला पुसून ठेवला. मी दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसलो, आणि ते दोघंही हसले, आणि मग पुन्हा भांडायला लागले.

पंप चालू झाल्यावर मी सवयीनं पेचकस लावून डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हातारी घागर बाजूला ठेवून समोर बसली होती. "हे कोनं शिकवलं तुले?" मी म्हटलं, आमच्या मिस्त्रीनं. ती उठली, नावेतला बांबू आणला, एक टोक पाण्यात बुडवलं आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावलं, अगदी तिथंच, मिस्त्री, जिथं तुम्ही माझ्या लावलं होतं. वरून पाणी सुटलं की बांबूत आधी ऐकू येतं, म्हणाली, वाळू चालायला लागते. "माहा भाऊ साऱ्यात चांगला आयके. पंधरा वर्षांचा असन. कामाले म्हनून पुलगावले गेलता, आलाच नाई. बेटावरच्याले कोनं काम देलं असन बाप्पा." मग माझ्याकडे बघत राहिली. तिला विचारावं लागलं नाही आणि मलाही सांगावं लागलं नाही. तुमच्या उजव्या भुवईवरची खूण तिनं बोटानं स्वतःच्या भुवईवर दाखवली, मी मान हलवली. जिवंत आहे का, हे तिनं विचारलंच नाही. "कोनं आग देली?" म्हणाली. "मी." तिनं माझा हात हातात घेतला, त्याला ग्रीस लागलं होतं, आणि तिच्या चुलीपाशी नेऊन मला मासे-भाकर वाढली. काटा काढून देत होती. मी साठीचा माणूस.

त्यानंतर सहा वेळा गेलो. दर वेळी पंप बिघडलेला असतो असं नाही. तिथं जेवायच्या वेळेला कुणी एकट्यानं बसलं की दुसरा येऊन बसतो, आणि तो चांगलं बोलेलच असं नाही. परवा एकानं माझ्या शेजारी बसून पूर्ण जेवणभर माझ्या दुकानाला शिव्या दिल्या. मला बरं वाटलं. शेवटी बेटावरचेच म्हणाले, देवळामागची खोली रिकामी आहे, राहा. मात्र तिथली एक रीत आहे. बाहेरचा माणूस राहायला येतो तेव्हा बेटावरच्या कुणीतरी त्याला काठावरून हाताला धरून नावेत बसवायचं आणि पलीकडे सगळ्यांसमोर उतरवायचं, 'माहा माणूस हाय' म्हणून. उद्या त्यानं चोरी केली, चुगली केली, पोलिसांना काही सांगितलं, तर जबाब त्या हात धरणाऱ्याचा. ती म्हणाली, मी धरते. आणि मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "तो आमचं नाव काढे काय?"

मी म्हटलं, "रोज."

तिचा हात थांबला. भाकरी तव्यावर टाकायची राहिली. म्हणाली, "रोज?" मी म्हटलं, "हाव. नदी कशी, मासे कसे, बहीण कशी." तुम्हाला बहीण आहे हे मला तिथं कळलं, मिस्त्री.

मुलीला बेटाचं सांगितलं. ती घाबरली. "बाबा, लोक काय म्हणतील? आणि तिथं काही झालं तर दवाखाना कुठं आहे?" दवाखान्याचं ती खरं बोलते. पावसाळ्यात नाव चार-चार दिवस बंद असते. दारूचं भांडण कधी माझ्या दारात येईल, हेही मी धरून चाललो आहे. ह्या सगळ्याची मी धंदेवाल्यासारखी मांडणी करून बघितली आणि दर वेळी जायचंच असं निघालं. अडतं ते दुसऱ्याच जागी. तुम्ही इथं राहता यावं म्हणून आंजीचे झालात. तुम्हाला दुसरा इलाज नव्हता; तुमच्या दुकानात कुणी मोटार ठेवली नसती, मीसुद्धा शिकायला आलो नसतो. आता मला तिथं राहायचं आहे, आणि माझ्याही हातात एक खोटंच आहे. ती माझा हात धरणार ते त्या 'रोज'मुळे. खरं सांगितलं, की तुम्ही कधी नाव काढलं नाही, की मला ठाऊक असून मी तीस वर्षं निरोप दिला नाही, तर ती हात धरेल का? मला वाटतं, नाही धरणार. तिच्या जागी मी नसता धरला. आणि न सांगता गेलो, तर रोज तिच्या चुलीपाशी बसून तुमच्या तोंडी नवी नवी वाक्यं घालावी लागतील, कारण ती विचारते. गेल्या खेपेला विचारलं, नदीचं काय म्हणे? मी सांगितलं. माझं मलाच ऐकवेना.

तर असं ठरवलं आहे. रविवारी ती ह्या काठाला येणार आहे, मला न्यायला. सामान बरोबर घेत नाही. बाभळीखाली तिला बसवतो आणि नावेत पाय ठेवण्याआधी सगळं सांगतो, पान्हे मोजले तेही, आंजीला माणूस पाठवला तेही. मग ती एकटी परत गेली तर जाऊ दे. मी पुलगावची गाडी धरीन आणि फ्रिजचं ऐकत बसेन. तुम्ही काय म्हणाल ते विचारायला हे लिहायला घेतलं, असं मी वर लिहिलं आहे. ते तितकंसं खरं नाही. तिच्यासमोर तोंड उघडल्यावर कोणतं वाक्य आधी येईल ते कागदावर जमवून बघत होतो. तीन दिवस झाले, अजून जमलेलं नाही.