रिकामे हात

मॅडम, आज पुन्हा स्वयंपाकघरातून गॅलरीत येताना मी हातात काहीतरी घेऊनच आले. वाळत घालायचा एक नॅपकिन. घरात मी एकटी, कसली घाई नाही, तरी रिकाम्या हातानं खोली ओलांडवत नाही. ही खोड तुमची.

घाटकोपरच्या हॉस्पिटलच्या त्या कॅज्युअल्टीत मी नवी डॉक्टर होते, ऐंशीच्या दशकाची सुरुवात. विक्रोळीच्या कारखान्यातून प्रेसमध्ये हात सापडलेला माणूस येतो, बांधलेला रुमाल लालभडक. मी टाक्यांच्या ट्रेसाठी धावते, मग सलाईनसाठी, मग कात्रीसाठी. तुम्ही जखम धुता धुता, मान वर न करता ओरडता, "किती फेऱ्या मारतेस गं? भाजी घ्यायला आलीयेस काय? जाताना ही घाण उचल, येताना सलाईन आण. रिकाम्या हातानं ही खोली ओलांडायची नाही!" सगळ्यांसमोर. असा राग आला होता ना तुमचा! पण हळूहळू माझी धावपळ कमी झाली आणि पेशंट भराभर हातावेगळे व्हायला लागले. मग एक दिवस तुम्ही मला भरपूर खिशांचा ॲप्रन शिवून दिलात. "यात कात्री, यात टॉर्च. आणि या खिशात बिस्किटं. उपाशी डॉक्टर पेशंटवर खेकसतो." तुम्ही भरपेट जेवूनही खेकसायचात, ते सोडा.

एकाच कामाला तुमचा नियम उलटा होता. माणूस गेला की बाहेर बाकावरच्या नातेवाइकांना सांगायला तुम्ही कागद, पेन, स्टेथोस्कोपसुद्धा टेबलावर ठेवून जायचात. मी फाईल घेऊन निघाले तेव्हा ती माझ्या हातातून काढून घेतलीत. "त्यांना धरायला हात लागतो. फाईल धरतील काय तुझी?"

काही वर्षांनी त्याच बाकापाशी मी होते, तुमच्यासाठी; या वेळी आत पेशंट तुम्ही होतात. तुमचं मुंबईत दुसरं कुणी नव्हतं, आणि खरं तर तुमच्याशिवाय माझंही. तुम्हाला वर वॉर्डात हलवणार म्हणाले होते, म्हणून तुमची चादर, थर्मास, चपला, सगळं एका फेरीत न्यायला मी दोन्ही हातांत घेऊन उभी. आतून मीच शिकवलेला नवा डॉक्टर आला. त्याचे हात मोकळे होते. मला तिथेच कळलं. "मॅडम गेल्या," म्हणत त्यानं हात पुढे केला. मी म्हटलं, "बरं. सही कुठे करायची?" बिचाऱ्यानं हात मागे घेतला. त्यानंतर माझ्यापुढे कुणी असा हात केल्याचं आठवत नाही, मॅडम. फार एकटं वाटतं हो.

हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच. एवढंच सांगायचं होतं, ते सामान काही जड नव्हतं. खाली ठेवता आलं असतं.