धुक्यात हात दिसत नाही

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ६.४०
खाडीच्या ओट्यावर बसून जाळं सांधत होतो. ठाकोरकाका (पुढे ठा.का.) मागून आले, सांधलेला भाग बोटाने ताणून पाहिला. म्हणाले, मागावरच्या पोराची गाठ चांगली बसते. मी सांगितलं, सहा वर्षं तुटलेल्या तारा जोडत होतो, त्यापुढे जाळं म्हणजे फार जाड काम.

मग त्यांनी सहज बोलल्यासारखं सांगितलं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की त्यांची होडी निघणार, भंडारीची जागा माझी. भंडारी म्हणजे होडीवरचा स्वयंपाकी. नवा माणूस आधी भंडारीच होतो. दहा-बारा दिवस समुद्रात. मला पोहता येतं, पण फक्त खाडीत.

आनंद झाला. पाच मिनिटांनी काळजी सुरू झाली. ती पोहण्याची नव्हती.

१७ तारखेला सादबापाचा, इथल्या खाडीच्या देवाचा, दिवस. त्याआधी कोणी समुद्रात जात नाही. त्या दिवशी प्रत्येक खलाशाला त्याच्या घरचं माणूस या बापाच्या ओटल्यावरून (चौथऱ्यावरून) मोठ्याने हाक मारतं: नाव घ्यायचं आणि "वहेलो आवजे", लवकर ये, म्हणायचं. खलाशी पाण्यात उभा राहून उत्तर देतो. ठा.का.नी विचारलं, तुला कोण साद देणार? मी म्हटलं, माय.

"अने बाप?"

मी सुई शोधू लागलो. सुई हातातच होती. जिगोने (ठा.का.चा पुतण्या, माझ्याच वयाचा) सगळं सांगितलेलं दिसतं. त्याला मी विश्वासाने सांगितलं होतं.

ठा.का.नी नियम सांगितला. घरात ज्याच्याशी अबोला असेल त्यानेच साद द्यायची. दुसऱ्या कोणाची चालत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
काल रात्री सुरतेत, गोडादऱ्याला घरी. आबा (वडील) रात्रपाळीला निघत होते. डबा उचलला, मायला म्हणाले, "त्याले सांग, दार लावी ले." मी दारातच उभा होतो. दार लावलं.

आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) हे असं आहे. मी कारखान्यातलं काम सोडलं ते न सांगता. आबांनी शेठकडे शब्द टाकून मला मागावर लावलं होतं, आठवीनंतर. मी गेलो नाही त्या सकाळी शेठने चारचौघांत त्यांना विचारलं, पोरगा कुठे? त्यांना माहीत नव्हतं. एवढंच. ओरडले नाहीत, मारलं नाही. ओरडले असते तर संपलं असतं.

मायला १७ तारखेचं सांगितलं. म्हटलं, तू त्यांना सांग. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.
"तो बोलस नही. तू तरी कोठे बोलस?"

हे खरं आहे का, यावर बसमध्ये डुमसपर्यंत विचार केला. मी पण "आबांना विचार, जेवले का" असंच मायला म्हणतो. म्हणजे दोन्हीकडचं ओझं तीच वाहते.

९ ऑगस्ट, शनिवार. पुनव
दर्याला नारळ. सगळा माछीवाड, म्हणजे इथला कोळीवाडा, किनाऱ्यावर, नव्या साड्या, मिरवणूक, डीजे. मी कडेला उभा राहून चपला सांभाळल्या.

संध्याकाळी बापाच्या ओटल्यावर गेलो. तिथे मणीबा असतात. सत्तरीच्या. ओटला त्याच सारवतात, दिवा त्याच लावतात. तिथे घंटा नाही. विचारलं तर म्हणाल्या, बापाला घंटा कशाला, तो माणसाच्या आवाजाचा.

बापाची गोष्ट त्यांच्याकडून नीट कळली. दोन भाऊ, जमिनीवरून भांडण, अबोला. थंडीतल्या एका पहाटे धुकं पडलं. धाकट्याची होडी परत येत होती, थोरला काठावर उभा होता. धाकटा विचारत होता, किनारा कुठे? थोरल्याला ऐकू येत होतं. त्याने हाक दिली नाही. धाकटा गाळाकडे गेला तो गेलाच. त्यानंतर थोरला मरेपर्यंत त्या जागी उभा राहून प्रत्येक होडीला नावाने बोलवत राहिला. तोच सादबापा.

मी म्हटलं, म्हणजे चूक त्यांचीच होती. मणीबा म्हणाल्या, मग? चूक नसलेला माणूस कशाला रोज पहाटे उठेल?

मग मुद्द्याचं विचारलं. ज्यांना घरी कोणी नाही त्यांना मणीबा साद देतात. मला द्याल का?
"तारो बाप मरी गयो?"
नाही म्हटलं.
"तो मारीश नहीं." म्हणजे, जिवंत आहे त्याला तू मारू नकोस.

त्यांना पुन्हा असलं विचारणार नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
आज ठरवून सकाळी सातला कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. काय बोलायचं ते रात्री तीनदा लिहून काढलं होतं. शेवटी एकच वाक्य ठेवलं.

आत माग चालू होते. बाहेरूनही छातीत धडधड जाणवते. आत कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, सगळं हाताने. चहा, शेठ आला, तार तुटली, प्रत्येकाची खूण. आबांची मला बोलवायची खूण: हात वर, बोटं दोनदा मिटायची. दोन रांगा पलीकडून दिसली की हातातलं सोडून जायचं. सहा वर्षं गेलो.

आबा बाहेर आले. अंगावर कापसाचा भुगा. मी म्हटलं, "आबा, सतरा तारखेला डुमसच्या पुढे माछीवाडात या. सकाळी दहाला. तुमच्याशिवाय मला होडीवर घेणार नाहीत."

ते माझ्याकडे पाहत होते. ऐकू आलं की नाही, कळलं नाही. पाळी सुटल्यावर अर्धा तास त्यांना कमीच ऐकू येतं. दुसऱ्यांदा सांगायचा धीर झाला नाही. ते टपरीवर गेले, दोन कटिंग सांगितले. एक स्वतः घेतला, दुसऱ्या ग्लासाकडे मान करून टपरीवाल्याला म्हणाले, "त्याले दे."

चहाचे पैसे त्यांनी दिले. मी द्यायला हवे होते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
होडीला रंग दिला. नाव जिगोने काढलं, मी पट्टे ओढले. जिगो म्हणाला, किशोरिया, तू समुद्रात उलटी करशील ती पण एका रेषेत करशील.

ठा.का.नी सांगून ठेवलं, उमरगामचा एक पोरगा तयार आहे. त्याच्या घरी अबोला नाही. ते रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं.

घरून काही कळलं नाही. मायला फोन केला, आबांनी काही विचारलं का? म्हणाली, तुझा चहा थंड झाला होता का, एवढं विचारलं.

१७ ऑगस्ट, रविवार. बापाचा दिवस
सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर सुटेल.

आज डीजे नाही, ढोल नाही. साद पुरी होईपर्यंत कोणी मोठ्याने बोलत नाही, रडणाऱ्या पोरालाही लांब नेतात. सुरतेत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. ओटल्यावर पांढरं निशाण, दिवा, शिऱ्याचं पातेलं. खलाशी खाली खाडीत, गुडघाभर पाण्यात. वरून एकेक घरचं माणूस पुढे येतं.

जिगोला त्याच्या आईने साद दिली, आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत गेला. एका म्हाताऱ्याला त्याच्या सुनेने. तिने पदर तोंडात धरला होता, तो काढून मग हाक दिली. तिचा पण अबोला होता म्हणे, मिरचीच्या बरणीवरून.

माझा नंबर येत होता, आबा नव्हते. मग दिसले. रात्रपाळी करून तसेच आलेले, भुगा झटकलेला, हातात रिकामा डबा आणि एक नारळ. माय नव्हती. मी तिला फोनवर म्हटलं होतं, तूही ये. तिने मुद्दाम टाळलं, आता कळतंय.

ते ओटल्यावर चढले. मणीबांनी त्यांना कडेला घेऊन काय म्हणायचं ते सांगितलं. आबांनी खाली माझ्याकडे पाहिलं, मग मणीबांकडे वळले. शांतता होती म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.
"त्याले सांगा, बेगीन ये म्हना."

लवकर ये. हेच शब्द हवे होते. फक्त दिशा चुकली.

मणीबा म्हणाल्या, "मने मराठी नथी आवडतुं. तमे ज कहो."

हे खोटं. त्या भाजीवाल्या बायकांशी रोज मराठीत भाव करतात. मला मराठी येत नाही म्हणे, तुम्हीच सांगा.

आबा उभे राहिले. तोंड उघडलं. आवाज आला नाही. मागे लोक थांबले होते. मग त्यांनी हात वर केला, बोटं दोनदा मिटली.

मी पाण्यातून निघून त्यांच्याकडे चालू लागलो. ठरवून नाही. पाय निघाले. चार-पाच पावलं गेल्यावर जिगोने शर्ट धरून मागे ओढलं, काठावरचे हसले. मीही हसलो असतो, पण वर आबा हसत नव्हते. हात अजून वर होता.

ठा.का. आणि मणीबा यांच्यात हळू बोलणं झालं. मी ओरडून सांगितलं, ती बोलवायचीच खूण आहे, आमच्याकडे अशीच असते. ठा.का. म्हणाले, मला पटतं. मणीबांनी नकाराची मान हलवली. त्या आबांशी बोलल्या, आणि आता स्वच्छ मराठीत:
"धुक्यात हात दिसत नाही, भाऊ."

आबांनी हात खाली घेतला. नारळ ओटल्यावर ठेवला आणि गेले. संध्याकाळी सातला पुन्हा पाळी, झोप व्हायची होती. मी ओले पाय घेऊन रस्त्यापर्यंत गेलो, बस निघाली होती.

निवाडा असा: साद बाकी आहे. बुधवारी भरतीला नांगर उचलेपर्यंत मुदत. उमरगामच्या पोराला निरोप गेला आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार
कोणाचा राग येतोय तेच ठरत नाही. मणीबांचा आला होता, सकाळी उतरला. त्या थोरल्या भावानेही कदाचित हात केला असेल. धुक्यात. कोण सांगणार.

एक गोष्ट आठवत बसलो. आबांनी मला मोठ्याने नावाने कधी बोलवलंय? लहानपणी गावाकडे, नदीवर. नंतर सुरत, नंतर माग. आठवत नाही. हे अबोल्याच्या आधीचं आहे. म्हणजे आखाजीला सगळं सुरू झालं असं मी धरून चाललो होतो, ते बरोबर नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार
दुपारी मायचा फोन. हसू दाबत बोलत होती. आबा झोपेतून उठून गच्चीवर गेले. खाली समोरच्या बंट्याला हाक मारली, दूध आण म्हणून. दूध घरात होतं. पहिली हाक फाटली, दुसरीला गल्लीतली तीन माणसं बाहेर आली. शेजारीण विचारायला आली, काय झालं? आबा म्हणाले, घशात भुगा आहे.

मी मायला म्हटलं, त्यांना फोन दे. मग लांबून तिचं ऐकू आलं, "उठेल शेतस का?" (उठलात का), आणि आबांचं "हूं". फोन घेतला नाही. पण मी मागितला, हे त्यांना कळलं असेल.

पिशवी भरली: दोन शर्ट, टॉवेल, उलटीच्या गोळ्या, बाजरीचं पीठ, काळा मसाला. ही वही प्लास्टिकमध्ये.

२० ऑगस्ट, बुधवार. सकाळी १०.५०
ओट्यावर बसून लिहितोय. भरती साडेअकराला. ऊन आहे, धुक्याचं नावही नाही, पलीकडचं झाड न् झाड दिसतं.

उमरगामचा पोरगा आला आहे. माझ्यापासून हातभर अंतरावर, पिशवी मांडीवर. चांगला आहे. त्याने मला शेंगदाणे दिले.

माय म्हणते, आबा सकाळी घरी आलेच नाहीत, पाळीवरून परस्पर निघाले असतील. असतील, म्हणते. फोन ते कधीच उचलत नाहीत. डुमसच्या दोन बस येऊन गेल्या.

पाणी होडीला लागलं. ठा.का. गेली दहा मिनिटं डिझेलच्या डब्याचं झाकण शोधताहेत. झाकण जिगोच्या खिशात आहे. मणीबा ओटल्यावर उभ्या, रस्त्याकडे तोंड करून.

तिसरी बस आली. इथून फक्त बसचा टप दिसतो. माणसं उतरताहेत की नाही, मधे भिंत आहे. मी उठून पाहू शकतो. पण साद ऐकायला पाण्यात असावं लागतं, म्हणून चपला काढल्या.

हिशेब लिहून वही बंद करतो.
खर्च: बस भाडं १२०, गोळ्या ३०, पीठ-मसाला ९५, मायच्या फोनचं रिचार्ज १९९. एकूण ४४४.
देणे: जिगो ५०. आबा, चहा १० आणि नारळ ४०, एकूण ५०. हे आबांच्या हातात द्यायचे. मायकडे नाही.