सगळं वाढून होईपर्यंत

आई, तुझ्या इस्पितळाचा सर्व्हर काल भर दुपारी बसला. वीज गेली, बॅटरीने शेपूट घातली, आणि वीज आल्यावर मशीन उठलं तरी रक्तपेढीचा प्रोग्राम काही उठेना. वर ऑपरेशन थिएटरात हजीरा मोहल्ल्यातली एक बाळंतीण, रक्त थांबत नव्हतं. तिच्यासाठी जुळवलेल्या पिशव्या खाली फ्रिजमध्ये, त्यांवर नुसते बारकोड. तिची कोणती, ते त्या बंद प्रोग्रामलाच ठाऊक. पुन्हा जुळवण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता. रक्तपेढीतली बाई फोनवर ओरडत होती, "भैया, डॉक्टर मेरी जान खा रहे हैं, कुछ करो!"

तू गेल्यापासून सर्व्हरपुढच्या तुझ्या खुर्चीत मी बसतो. शेजारी नवी यंत्रणा बसवणारे इंजिनिअर, इस्त्रीचे शर्ट घालून. "सर, डेटाबेस तो हरा दिखा रहा है." हिरवं दिसलं की काम झालं, या श्रद्धेवर आपला अख्खा देश चालतो. तुझ्या काळी मशीन सुरू होताना स्क्रिप्ट एकीमागून एक चालायच्या: नेटवर्क, मग डेटाबेस, मग रक्तपेढी. नवी यंत्रणा जमेल तितक्यांना एकदम उठवते. कोण कोणामागे, ते फाइलीत लिहून द्यायचं. यांनी लिहिलं होतं. पण वीज अचानक गेली की डेटाबेस उठल्यावर आधी अर्धवट राहिलेल्या नोंदी निस्तरत बसतो. तेवढ्यात प्रोग्रामने हाक मारली, ओ आली नाही, आणि स्वारी रुसून बंद. हे पठ्ठे दर वेळी अख्खं मशीन रीस्टार्ट करत होते, म्हणजे निस्तरणं पुन्हा पहिल्यापासून.

आणि मला दाना ओलीच्या गल्लीतलं आपलं स्वयंपाकघर दिसलं. महालक्ष्म्यांचं जेवण, पानं मांडलीत, मी भाताला हात घातलाय. पाहुण्यांसमोर तू कडाडतेस, "जल्दी कसली आहे रे तुला? तूप यायचंय अजून. मी म्हटलं का, सावकाश होऊ द्या?" माझे कान तापतात. तू शेवटच्या पानापर्यंत वाढतेस, दाराशी क्षणभर उभी राहतेस, मग ते म्हणतेस, आणि पंगत हलते.

जुन्या बॅकअपमध्ये तुझी स्क्रिप्ट सापडली. डेटाबेसला एक फुटकळ प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत रक्तपेढीला सोडायचीच नाही. "सर, ये तो बहुत पुराना तरीका है."

"जेवणही पुरानाच तरीका आहे, रोज करता ना?"

ती मी नव्या फाइलीत प्रोग्रामच्या आधी लावली. प्रश्न. उत्तर नाही. प्रश्न. उत्तर नाही. फोनवरची बाई आता पिशव्यांवरचे बारकोड पुटपुटत होती. "सर, रीस्टार्ट मारें?" माझंही बोट तिकडेच निघालं होतं. तूप यायचंय अजून, असं दात आवळून म्हणालो. त्यांना वाटलं, साहेब गेले कामातून.

मग उत्तर आलं. प्रोग्राम उठला. "मिल गया!" आणि फोन आपटला.

संध्याकाळी कळलं, बाळंतीण डोळे उघडून आपली मुलगी कुशीत मागत होती.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगतो. उत्तर आल्यावरही तुझ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ आहे: क्षणभर थांब. कशासाठी, ते तू लिहिलेलं नाहीस. इंजिनिअरांनी विचारलं, तेव्हा मी भारदस्त काहीतरी ठोकून दिलं. खरं तर मला ठाऊक नाही. ओळ काढलेली नाही.